नव्या शिक्षकांनी तंत्रज्ञान कुठून आणि कसं शिकावं: कोल्हापूर जिल्ह्यातल्या गुरुजी-बाईंसाठी

पवित्र पोर्टलवरून निवड झाली, शाळा मिळाली, शिक्षण सेवक म्हणून (म्हणजे पहिली तीन वर्षं मानधनावर) रुजू झालात, त्याबद्दल मनापासून अभिनंदन. पहिल्या महिन्यातच तुमच्या लक्षात आलं असेल की शाळेतलं बरंच काम मोबाईलवर चालतं. शाळेची माहिती भरायचं यू-डायस प्लस, पोषण आहाराची रोजची नोंद, हजेरी, चाचणीचे गुण, मुलांचे अपार आयडी म्हणजे कायमचे ओळख क्रमांक. वरिष्ठ मंडळी प्रेमानं म्हणतात, ‘‘तुम्ही नवीन पोरं, तुम्हाला येतंय की सगळं. तेवढं भरून टाका.’’ भरता भरता वर्ष सरतं आणि तंत्रज्ञान म्हणजे माहिती भरणं अशी पक्की समजूत होऊन बसते.

माहिती भरावी लागतेच, त्यातून सुटका नाही. पण शिक्षकाला तंत्रज्ञान शिकायच्या ज्या खऱ्या संधी आहेत त्या याच्या पलीकडच्या आहेत. त्यातल्या बहुतेक फुकट आहेत आणि चंदगडपासून शाहूवाडीपर्यंत कुठल्याही वाडीवस्तीवरून घेता येतात. त्या कोणत्या, कुठल्या क्रमानं घ्यायच्या आणि कुठं वेळ घालवायचा नाही, हे इथं मांडतो. माझं सांगणं एकच आहे: प्रमाणपत्रापासून सुरुवात करू नका, आपल्या वर्गातल्या एका अडचणीपासून करा. प्रमाणपत्रं वाटेत मिळत जातात.

नोकरी लागली की शिकणं थांबलं, असं आपल्या व्यवसायात कधीच नव्हतं. आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक हे देशाच्या शिक्षणाचा आढावा घेणाऱ्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव. १९६४ ते १९६६ या काळातल्या त्या आयोगानं सेवेतल्या शिक्षकांच्या नियमित प्रशिक्षणाचा आग्रह धरला होता. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं त्याला तासांचा आकडा दिला. प्रत्येक शिक्षकानं वर्षाला किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, असं धोरण म्हणतं. म्हणजे आठवड्याला साधारण एक तास. एवढा वेळ कोल्हापूर ते शाळा या एसटीच्या प्रवासातही निघतो.

पहिली पायरी: नाव, नंबर आणि मराठी टायपिंग

हे काम कंटाळवाणं आहे, पण आधी उरकून घ्या. शिक्षणाच्या कामासाठी एक स्वतंत्र ईमेल काढा आणि तो आयुष्यभर वापरा. मोबाईल नंबर असा द्या जो पुढं बदलणार नाही. नाव सगळीकडे एकसारखं ठेवा: सेवापुस्तकात जसं आहे तसंच ईमेलवर, तसंच प्रत्येक प्रशिक्षणाच्या नोंदणीत. लग्नानंतर नाव बदललेल्या भगिनींनी कुठलं नाव चालवायचं ते आधीच ठरवावं. प्रमाणपत्रावर नोंदणीतलं नाव छापून येतं, आणि नंतर ते दुरुस्त करत बसणं म्हणजे डोकेदुखी. शाळेचा ११ अंकी यू-डायस क्रमांक आणि मिळाला असेल तर पगाराच्या प्रणालीतला शालार्थ आयडी एका वहीत लिहून ठेवा. जागोजागी लागतो.

दुसरी गोष्ट मराठी टायपिंग. युनिकोडमध्येच लिहा. जुन्या फॉन्टमध्ये तयार केलेली प्रश्नपत्रिका दुसऱ्याच्या संगणकावर उघडली की अक्षरांचा चिवडा होतो, आणि तिच्यातलं काही शोधताही येत नाही. फोनवर गूगलचा कीबोर्ड घेऊन बोलून टाईप करायची सवय लावा. पाठ टाचण बोलून उतरवलं आणि मग शुद्धलेखन तपासलं, तर वेळ चांगलाच वाचतो. संगणकावर मात्र इनस्क्रिप्ट हा मराठीचा प्रमाणित कीबोर्ड शिकून घ्या. सुरुवातीला बोटं अडखळतात, मग हात बसतो.

एमएस-सीआयटी झालं नसेल तर करून टाका. २००१ साली सुरू झालेला हा अभ्यासक्रम आजही सरकारी नोकरीत संगणक ज्ञानाचा पुरावा म्हणून मागितला जातो, आणि तालुक्याच्या गावी त्याची केंद्रं सापडतातच. ते झालं म्हणजे वर्गात तंत्रज्ञान वापरता येतं असं मात्र समजू नका. त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरी पायरी: एक अडचण निवडा

एक कोरा कागद घ्या आणि लिहा: माझ्या वर्गात या महिन्यात काय अडलंय? ‘मुलांना गणित जमत नाही’ असं मोघम नको. ‘चौथीतली सात मुलं हातच्याची वजाबाकी चुकतात’ असं नेमकं हवं.

आपल्या जिल्ह्यात अशा अडचणी तालुक्यागणिक बदलतात. हातकणंगले, शिरोळ, कागल या पट्ट्यात गळीत हंगाम सुरू झाला की ऊसतोड मजुरांची मुलं मध्येच वर्गात येतात आणि हंगाम संपला की जातात. गडहिंग्लज, शिरोळच्या सीमेलगतच्या गावांत काही मुलांच्या घरी कन्नड बोलतात. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीतल्या द्विशिक्षकी शाळांत एकाच शिक्षकापुढं दोन-दोन, तीन-तीन इयत्ता बसलेल्या असतात. शहरातल्या शाळांत वेगळाच प्रश्न: मुलाच्या हातात फोन आधीच आहे, तो अभ्यासाकडं कसा वळवायचा?

अडचण ठरली की तंत्रज्ञानाची निवड आपोआप सोपी होते. वाचन हीच अडचण धरू. त्यासाठी स्मार्ट टीव्ही लागत नाही. तुमच्या फोनमध्ये आवाज रेकॉर्ड करायची सोय आहे, ती पुरते. मूल अडखळत वाचतंय, तर त्याला एक छोटा परिच्छेद वाचायला लावा, रेकॉर्ड करा आणि लगेच त्यालाच ऐकवा. मान तिरकी करून, कान लावून मूल स्वतःचा आवाज ऐकतं. ‘‘बाई, हितं मी चुकलोय,’’ असं स्वतःच सांगतं आणि पुन्हा वाचायला मागतं. ती रेकॉर्डिंगची पट्टी तारीख घालून जपून ठेवा. महिन्याभरानं तोच परिच्छेद पुन्हा वाचून घ्या आणि दोन्ही पट्ट्या पालक सभेत आईला ऐकवा. प्रगतीपुस्तकातल्या ‘ब’ श्रेणीपेक्षा आईला यातून कितीतरी जास्त कळतं. ऊसतोडीचं मूल हंगामानंतर गावी परत निघालं, तर तीच पट्टी पालकांच्या फोनवर पाठवता येते आणि तिकडच्या गुरुजींना मूल कुठवर आलंय ते समजतं.

या सगळ्यात शिकायला काय लागलं? फाईलला नाव देणं, फोल्डर करणं, पाठवणं. पण हे केल्यावर पुढचं काय शिकायचं ते तुम्हालाच सुचायला लागतं, आणि मग कुठल्या कोर्सला बसायचं हे दुसऱ्यानं सांगावं लागत नाही.

तिसरी पायरी: दीक्षा नीट वापरायला शिका

दीक्षा हे केंद्र सरकारचं शालेय शिक्षणाचं मोफत ॲप आणि संकेतस्थळ, सुरू झालं सप्टेंबर २०१७ मध्ये. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की जे उघडतं ते हेच. पुस्तकात क्यूआर कोड देण्याचा प्रयोग सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी केला, तो पुढं राज्याच्या पाठ्यपुस्तकांत आला, आणि २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं. एका खेड्यातल्या शिक्षकाची कल्पना सगळ्या पोरांच्या दप्तरात पोहोचली, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता कामाचं. ॲप घ्या आणि शिक्षक म्हणून नोंदणी करा. घाईत विद्यार्थी म्हणून नोंदणी केली की शिक्षकांसाठीचं साहित्य समोर येत नाही, मग ‘दीक्षावर काहीच नाही’ अशी तक्रार सुरू होते. राज्य महाराष्ट्र, जिल्हा कोल्हापूर, माध्यम, इयत्ता, शाळा हे सगळं नीट निवडा. खातं एकच ठेवा. आज गूगलनं, उद्या मोबाईल नंबरनं असं आत गेलात की दोन खाती होतात, निम्मे कोर्स इकडं आणि निम्मे तिकडं जातात.

कोर्सला बॅच असते. तिला सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते, ती आधी बघा. व्हिडिओ आणि वाचनसाहित्य पूर्ण झाल्यावर शेवटी चाचणी येते. निष्ठा या शिक्षकांच्या प्रशिक्षणात प्रमाणपत्रासाठी चाचणीत ७० टक्के लागतात आणि प्रयत्न तीनच मिळतात, म्हणून ती रात्री अकराला डोळे मिटत असताना देऊ नका. सगळं झाल्यावर नोंदी वर पाठवायचं बटण दाबा, नाहीतर ऑफलाईन केलेलं काम मोजलं जात नाही. प्रमाणपत्र त्याच दिवशी दिसलं नाही म्हणून घाबरू नका, थोडे दिवस जाऊ द्या आणि मग प्रोफाईलमध्ये बघा.

निष्ठा हा राष्ट्रीय कार्यक्रम ऑगस्ट २०१९ मध्ये समोरासमोरच्या प्रशिक्षणानं सुरू झाला आणि २०२० पासून दीक्षावर ऑनलाईन आला. पहिली ते पाचवीला शिकवत असाल तर पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञानाचे कोर्स आधी करा. १२ कोर्सची ती मालिका आहे आणि निपुण भारत अभियानाचं सगळं काम त्यावरच उभं आहे. एका महिन्यात बाराच्या बारा संपवायची चढाओढ लावू नका. एक कोर्स, मग त्यातली एक कृती वर्गात, मग पुढचा.

सीमाभागातल्या शिक्षकांसाठी एक गोष्ट खास सांगतो, कारण ती फार कमी जणांना माहीत असते. दीक्षावर कर्नाटकाचंही साहित्य आहे. ॲपमध्ये मंडळ आणि माध्यम बदललं की त्याच इयत्तेचं कन्नड साहित्य समोर येतं. घरी कन्नड बोलणाऱ्या पहिलीतल्या मुलाला एखादी संकल्पना आधी त्याच्या भाषेत दाखवून मग मराठीत आणता येते. मुलाचा चेहरा लगेच उजळतो. स्वतःला कन्नड येत नसेल तर वरच्या वर्गातल्या एखाद्या मुलाला शेजारी बसवा.

आणि पावसाळ्याची तजवीज. जून ते सप्टेंबर गगनबावडा, शाहूवाडीत लाईट जाते आणि रेंजही जाते. शनिवारी गावात चांगलं नेट असताना पुढच्या आठवड्याचे व्हिडिओ ॲपमध्ये उतरवून ठेवा. ई-बालभारतीवर पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ मोफत मिळतात, त्याही फोनमध्ये असू द्यात.

चौथी पायरी: माणसं गाठा

ऑनलाईन कितीही शिकलात तरी अडल्यावर शेजारी बसून दाखवणारं माणूस लागतंच. ती माणसं आपल्या व्यवस्थेत आहेत, फक्त नव्या शिक्षकाला ती कुठं असतात ते सांगितलं जात नाही.

सगळ्यात जवळचे तुमचे केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाचे प्रमुख, आणि त्या केंद्राची शिक्षण परिषद, म्हणजे शिक्षकांची बैठक. या परिषदेत अनेकदा सूचना वाचण्यातच दिवस जातो, हे खरं आहे. पण तुम्ही आधी जाऊन म्हणालात, ‘‘साहेब, मला वीस मिनिटं द्या, वाचन रेकॉर्डिंगचं मी काय केलंय ते दाखवतो,’’ तर नाही म्हणणारे केंद्रप्रमुख विरळा. नव्या माणसानं बोलायचं कसं, असा संकोच बाळगू नका. वीस मिनिटं दाखवल्यावर चहाच्या वेळी दोन-तीन शिक्षक तुमच्याभोवती गोळा होतात, आणि त्यातला कुणीतरी तुमच्यापेक्षा पुढं असतो. तोच तुमचा खरा प्रशिक्षक. त्याचा नंबर घ्या.

पुढची जागा तालुक्याचं गट साधन केंद्र. तिथं विषयतज्ज्ञ असतात, तालुक्यात कुठलं प्रशिक्षण कधी आहे ते त्यांना आधी कळतं. जिल्ह्याच्या बाराही तालुक्यांचं प्रशिक्षणाचं काम कोल्हापूरच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेकडून, म्हणजे आपल्या डाएटकडून चालतं, आणि डाएट पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या मार्गदर्शनाखाली. तंत्रज्ञानाचं काम बघणारे अधिव्याख्याते कोण, ते विचारून ठेवा. तंत्रस्नेही शिक्षकांची यादी होत असेल तर मुख्याध्यापकांमार्फत आपलं नाव कळवा. पुढं सुलभक, म्हणजे इतर शिक्षकांना प्रशिक्षण देणारा, म्हणून बोलावणं येतं ते अशाच नावांना, आणि दुसऱ्याला शिकवताना आपण जेवढं शिकतो तेवढं कुठल्याच कोर्समध्ये शिकत नाही.

समोरासमोरच्या प्रशिक्षणाला जायचं असेल तर लेखी आदेश आल्याशिवाय निघू नका. मुख्याध्यापकांकडून कार्यमुक्तीचं पत्र घ्या, परत येताना उपस्थितीचा दाखला घ्या. द्विशिक्षकी शाळेत एक शिक्षक प्रशिक्षणाला गेला की सगळी शाळा दुसऱ्याच्या गळ्यात पडते, म्हणून सहकाऱ्याशी आधी बोला आणि आल्यावर शिकलेलं त्याला दाखवा. हे न सांगताही कळतं, पण गडबडीत राहून जातं.

पाचवी पायरी: घरबसल्या, फुकट आणि दर्जेदार

इथं पर्याय एवढे आहेत की माणूस गोंधळतो. मी तीन-चारच सांगतो.

आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प. साधारण दहा मिनिटांचे धडे, आणि त्यातले बरेच मराठी आवाजात. लिब्रे ऑफिस हे मोफत सॉफ्टवेअर त्यावरून शिका. पद्धत अशी की व्हिडिओ थोडा बघायचा, थांबवायचा, तसंच स्वतः करायचं, मग पुढं जायचं. नुसता बघितला तर काही उपयोग नाही.

त्यात कॅल्क, म्हणजे एक्सेलसारखा तक्ता, आवर्जून शिका. आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या, मूल्यमापनाची कुणीतरी बनवलेली तयार फाईल ग्रुपवरून फिरत असते आणि आपण तीत फक्त आकडे भरतो. एखादं सूत्र बिघडलं की सगळे हवालदिल. त्यापेक्षा छोटा तक्ता स्वतः करा. शिष्यवृत्तीच्या मुलांची सराव चाचणी घेतलीत ना? उभ्या रांगेत मुलांची नावं, आडव्या ओळीत प्रश्न क्रमांक. बरोबर उत्तराला १, चुकीला ०. प्रत्येक प्रश्नाखाली बेरजेचं सूत्र टाका. आता खालची ओळ वाचा: आठव्या प्रश्नाखाली वीसपैकी तीनच आलेत. म्हणजे तिथं मुलं चुकलेली नाहीत, तो घटकच वर्गाला पोहोचलेला नाही, किंवा प्रश्नाची भाषा कळलेली नाही. उद्या काय शिकवायचं ते त्या एका ओळीनं ठरतं. शिष्यवृत्तीत आपला जिल्हा कायम पुढं राहिला आहे तो शिक्षकांच्या जादा तासांच्या कष्टांवर, आणि ते कष्ट नेमक्या जागी लागावेत यासाठी असा तक्ता मला सगळ्यात उपयोगी वाटतो.

दुसरं, फेट. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठानं केलेले विज्ञान-गणिताचे प्रयोग, जे पडद्यावर स्वतः करून बघता येतात. अनेक प्रयोग मराठीत आहेत. मोठी सोय ही की प्रयोगाची फाईल एकदा उतरवून घेतली की नेट नसतानाही ब्राउझरमध्ये चालते. विद्युत परिपथाचा प्रयोग घ्या. सेल, दिवा, तार, कळ ओढून जोडायचं, परिपथ पूर्ण झाला की दिवा पेटतो. मुलं थोड्याच वेळात दिवा काढून नुसती तार सेलच्या दोन टोकांना जोडतात आणि पडद्यावर सेलला आग लागते. वर्गात एकच गलका होतो. तिथंच थांबवा आणि विचारा, ‘‘का लागली?’’ शॉर्टसर्किट हा शब्द सगळ्यांनी ऐकलेला असतो, गावातल्या उसाला आग लागल्याचंही माहीत असतं, पण कारण पहिल्यांदा त्या दिवशी कळतं. त्यानंतर खरा सेल आणि खरा दिवा हातात द्याच, पडद्यावर संपवू नका.

तिसरं, एनसीईआरटीची केंद्रीय शैक्षणिक तंत्रज्ञान संस्था. तिची शिक्षकांसाठीची ऑनलाईन प्रशिक्षणं यूट्यूबवर थेट चालतात आणि नंतरही बघता येतात. हिंदी-इंग्रजीत असतात, पण समजायला अवघड नाहीत. शिक्षकांसाठीचा राष्ट्रीय आयसीटी पुरस्कारही याच संस्थेच्या कामाशी जोडलेला आहे. आज तो डोक्यात ठेवायची गरज नाही, पण वर्गात काय केलं याचे पुरावे जपणाऱ्यालाच पुढं असा अर्ज भरता येतो.

स्वयम हे २०१७ पासूनचं केंद्र सरकारचं व्यासपीठ. इथं जास्त आठवड्यांचे, अभ्यास मागणारे कोर्स आहेत. शिकणं मोफत, परीक्षा आणि प्रमाणपत्र हवं असेल तर फी. पहिल्या वर्षी नको, दुसऱ्या वर्षी घ्या.

आता वेळ कुठं घालवू नये ते. ‘दहा प्रश्न सोडवा आणि आकर्षक प्रमाणपत्र मिळवा’ असे फॉर्म प्रत्येक दिनविशेषाला ग्रुपवर येतात. ते प्रशिक्षण नव्हे. त्यातून शिकायला मिळत नाही, सेवेत मोजलं जात नाही, आणि तुमचा नंबर-ईमेल मात्र कुणाच्या तरी यादीत जातो. अशी प्रमाणपत्रं स्टेटसला लावण्यात आपल्या व्यवसायाची शोभा नाही.

पैसे भरून शिकायचं असेल तर

घाई नको. शिक्षण सेवकाचं मानधन प्राथमिकला महिना १६,००० रुपये, त्यातून घरभाडं आणि येण्याजाण्याचा खर्च. पहिल्या तीन वर्षांत पैसे घालायचेच तर चांगला कीबोर्ड असलेल्या साध्या लॅपटॉपमध्ये घाला.

गूगलच्या शिक्षक प्रमाणपत्राची पहिली पातळी १० डॉलर फी घेऊन होते, मुदत तीन वर्षं. मराठीत परीक्षा नाही. शाळेत गूगल क्लासरूम रोज वापरत असाल तर तयारी करताना बरंच शिकाल, नाहीतर प्रमाणपत्र नुसतं भिंतीवर. मायक्रोसॉफ्टचे शिक्षकांसाठीचे धडे मोफत आहेत, आधी ते बघा.

पदवी-पदविकेचा विचार असेल तर शिवाजी विद्यापीठाचा शिक्षणशास्त्र अधिविभाग आणि दूरस्थ व ऑनलाईन शिक्षण केंद्र इथं प्रत्यक्ष जाऊन चौकशी करा, नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं अभ्यासकेंद्रही बघा. प्रवेशाआधी त्या अभ्यासक्रमाला विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता आहे का ते तपासा आणि नियुक्ती प्राधिकाऱ्यांची परवानगी लेखी घ्या. परवानगीशिवाय घेतलेल्या पदवीची सेवापुस्तकात नोंद करताना अडचण येते.

कृत्रिम बुद्धिमत्तेचं काय?

शिका, टाळू नका. पण आधी तिची परीक्षा घ्या. तुमच्या गावाबद्दल, पन्हाळ्याबद्दल, पंचगंगेबद्दल पाच प्रश्न विचारा, उत्तरं तपासा. ठामपणे दिलेलं चुकीचं उत्तर एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की पुढं डोळे झाकून विश्वास बसत नाही.

उपयोग मात्र खरा आहे, विशेषतः एका वर्गात अनेक इयत्ता असणाऱ्यांना. ‘दुसरीच्या मुलांसाठी बाजाराच्या विषयावर जोडाक्षरविरहित आठ वाक्यांचा उतारा’ असं नेमकं मागा. येणारा उतारा जसाच्या तसा देऊ नका. त्यात एखादं जोडाक्षर हटकून सुटलेलं असतं, वाक्यं पुस्तकी असतात. ‘विक्रेता’च्या जागी ‘भाजीवाली मावशी’ करा, गावच्या बाजाराचा वार घाला. हे करणारा शिक्षक लागतोच. शाब्दिक उदाहरणं घेतलीत तर प्रत्येकाचं उत्तर स्वतः काढून बघा. आणि मुलांची नावं, गुण, घरची परिस्थिती यातलं काहीही त्यात टाकू नका.

मुलांचे फोटो आणि माहिती

तंत्रज्ञान शिकलेल्या शिक्षकाचा हात पहिल्यांदा कॅमेऱ्याकडं जातो. उपक्रम झाला की फोटो, फोटो की ग्रुपवर. जरा थांबा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीचं तत्त्व घातलं आहे. जूनच्या पालक सभेत लेखी संमती घेऊन ठेवा. मदतीचं साहित्य वाटतानाचे, रडणाऱ्या किंवा फाटके कपडे घातलेल्या मुलाचे फोटो संमती असली तरी टाकू नका. यादीत आधार क्रमांक असेल तर ती यादी ग्रुपवर कधीच नाही. शाळेचे पासवर्ड फळ्याशेजारच्या कागदावर चिकटवलेले दिसतात, ते काढा. आणि फसवणुकीचा फोन आला, पैसे गेले, तर वेळ न दवडता १९३० वर कळवा.

सहावी पायरी: केलेलं लिहून ठेवा

वर्गात काही करून बघितलं की एका पानावर चार गोष्टी लिहा: अडचण काय होती, काय केलं, आधीची आणि नंतरची स्थिती, काय जमलं नाही. पट्ट्या, तक्ते, मुलांच्या वह्यांचे फोटो त्याच फोल्डरमध्ये. राज्य परिषदेची नवोपक्रम स्पर्धा जाहीर होते तेव्हा शेवटच्या आठवड्यात अहवाल लिहायला बसलेल्यांची धांदल होते. तुमची पानं तयार असतील तर फक्त जुळवणी उरते. ‘काय जमलं नाही’ हा रकाना सोडू नका. परीक्षक अनुभवी असतात, सगळं शंभर टक्के यशस्वी झालं असं लिहिलेला अहवाल त्यांना लगेच कळतो.

वेळेचं गणित आपल्या शाळेच्या वर्षानुसार बसवा. जून-जुलै प्रवेश आणि माहिती भरण्यात जातात, तेव्हा नवा कोर्स धरू नका. ऑगस्टपासून दिवाळीपर्यंत एक अडचण आणि एक साधन. दिवाळीच्या सुट्टीत एक मोठा कोर्स. जानेवारी-फेब्रुवारीत स्पर्धा, स्नेहसंमेलन, शिष्यवृत्तीचे जादा तास, तेव्हा फक्त वापर. मे महिन्यात दुसरा कोर्स, लग्नसराईतून वेळ काढून.

राहिली सेवेतली नोंद. प्रत्येक अधिकृत प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र पीडीएफ करून ईमेलवर स्वतःलाच पाठवा, विषयात वर्ष आणि प्रशिक्षणाचं नाव लिहा, म्हणजे फोन हरवला तरी ते शिल्लक राहतं. १२ वर्षांच्या सेवेनंतर वरिष्ठ वेतनश्रेणी आणि २४ वर्षांनंतर निवड वेतनश्रेणी मिळते, आणि दोन्हींसाठी प्रशिक्षण लागतं. २०२२ मध्ये ते इन्फोसिसच्या स्प्रिंगबोर्ड व्यासपीठावर पूर्ण ऑनलाईन झालं, फी २,००० रुपये होती. लॉगिन, व्हिडिओ, चाचणी, स्वाध्याय अपलोड करणं याची आधीपासून सवय असलेल्यांना तेव्हा कुणाच्या मुलाला किंवा सायबर कॅफेवाल्याला गाठावं लागलं नाही. तुमची ती वेळ अजून लांब आहे, पण नोंदी आतापासून लागतात. वर्षाच्या शेवटी, एप्रिलमध्ये, त्या वर्षाच्या प्रमाणपत्रांच्या छायांकित प्रती एका अर्जासोबत मुख्याध्यापकांकडं द्या, सेवापुस्तकात नोंद घेण्याची विनंती करा, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.